रात्रीतून उतरणारी बॅटरी: नवी घेण्याआधी एक रात्र मोजून पाहा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या एका गावातल्या शेतकरी भावाचा प्रश्न आहे. त्यांच्याच शब्दांत देतो: "गाडी पेट्रोलची, आठ वर्षं जुनी. संध्याकाळी मस्त चालत घरी येते. सकाळी चाबी फिरवली का नुसतं कट-कट-कट. धक्का मारला का चालू. दोन महिन्यांआधी नवी बॅटरी टाकली, पंधरा-वीस दिवस बरी गेली, आता पुन्हा तेच. एक मिस्त्री म्हणते डायनमो बदला, दुसरा म्हणते पुरी वायरिंग बदला. रोजचं जाणं-येणं म्हणजे घर ते तालुका, सहा-सात किलोमीटर. काऊन होत असन असं?"

भाऊ, मी दिग्रसला २२ वर्षांपासून ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. हिवाळा लागला की आठवड्यातून दोन-तीन गाड्या याच तक्रारीच्या येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्याकडे येण्याआधीच एक बॅटरी विकत घेतलेली असते. त्या पैशाची मला खरंच हळहळ वाटते. म्हणून विनंती अशी, की हे वाचून होईपर्यंत काहीही बदलू नका. डायनमो (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) नाही, वायरिंग तर अजिबात नाही. तीन-चारशे रुपयांचा एक डिजिटल मीटर घ्या. तो पुढं मोटरपंपाच्या स्टार्टरलाही कामाला येईल.

आधी थोडा हिशोब करू. तुमच्या गाडीची बॅटरी साधारण ३५ एएचची (अँपिअर-तासाची) असेल. म्हणजे १.७५ अँपिअर ओढला तर २० तास पुरेल एवढा साठा. आतला ५ वॅटचा दिवा चालू राहिला तर तो ओढतो ०.४ अँपिअर. दहा तासांत गेले ४ एएच. भरलेल्या, धडधाकट बॅटरीला त्यानं काही होत नाही, सकाळी सेल्फ लागतोच. नवी बॅटरी एका रात्रीत पार बसवायची तर दोन-अडीच अँपिअर किंवा त्याहून जास्त काहीतरी रात्रभर चालू लागतं.

आता तुमची गोष्ट बघा. नवी बॅटरी पहिल्या रात्री बसली नाही. पंधरा-वीस दिवस चालली आणि मग बसली. मला यातून कळतं ते असं, की गळती, म्हणजे बंद गाडीत चोरून जाणारा करंट, मोठी नाही, पण रात्री जेवढं गळतं तेवढं दिवसा भरत नाही. सहा-सात किलोमीटरच्या प्रवासात, दहा-बारा मिनिटांत, बॅटरीत फार तर एक-दोन एएच परत जातं. रात्री ४ गेले, दिवसभरात ३ आले, तर रोज १ एएचनं टाकी खाली. पंधरा-वीस दिवसांत ती अशा जागी येते की सेल्फ लागत नाही. एक तर बारीक गळती आहे, नाहीतर डायनमो पुरेसं भरत नाही. कदाचित दोन्ही. हे कोणाला विचारून कळत नाही, मोजूनच कळतं.

मोजण्याच्याही आधी एक फुकटचं काम करा. पूर्ण अंधार पडल्यावर गाडी बंद करा, दारं लावा, चाबी घरात ठेवा आणि गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारा. मागून, पुढून, खिडकीतून आत, सगळीकडं बघा.

पुसदकडची एक गाडी आठवते. तिथं गळती मोठी होती, नवी बॅटरी पहिल्याच रात्री बसली होती. त्या माणसानं तीन महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या. दिवसा गाडी माझ्याकडे आणायचा, मी मोजायचो, तर सगळं ठीक. शेवटी एका संध्याकाळी त्याच्या घरीच गेलो. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, मागची बाजू पत्र्याला चिकटून. आठ वाजता घरातला दिवा मालवायला सांगितला तर मागच्या पत्र्यावर लाल उजेड पडलेला. ब्रेक लाइट चालू होते, गाडी बंद असताना. ब्रेक पेडलच्या वर एक बोटाच्या पेराएवढं प्लॅस्टिकचं बटण असतं. पाय काढला की ते स्विचची दांडी दाबून धरतं. आपल्याकडच्या उन्हात ते प्लॅस्टिक कडक होऊन फुटतं. मी पायाखालची मॅट उचलली तर त्याचे पिवळट तुकडे तिथंच पडलेले होते. २१ वॅटचे दोन दिवे, मिळून साडेतीन अँपिअर. दहा तासांत ३५ एएच, म्हणजे आख्खी बॅटरी. पेडल कधी जरा पुढं, कधी जरा मागं थांबायचं, म्हणून दिवे कधी लागायचे, कधी नाही, आणि माझ्याकडे आल्यावर नेमके बंद असायचे. बटण बसतं त्या भोकात रबराचा तुकडा बसवला, दुसऱ्या दिवशी नवं बटण आणून टाकलं. काम झालं. दोन बॅटऱ्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

डिकीतला दिवा झाकण लावल्यावर विझतो की नाही, हे बाहेरून दिसत नाही. मोबाईलचं व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून तो डिकीत ठेवा, झाकण लावा, अर्ध्या मिनिटानं काढून बघा. समोरचा कप्पा, ज्यात आपण कागदपत्रं ठेवतो, त्यातही काही गाड्यांत दिवा असतो. तोही असाच बघा.

आता रात्रीची परीक्षा. बॅटरी आधी चार्जिंगच्या दुकानात पूर्ण भरून घ्या. "वीस किलोमीटर फिरवून आण, भरते" असं सांगतात, ते पूर्ण बसलेल्या बॅटरीला लागू नाही. रिकामी ३५ एएचची बॅटरी साडेतीन-चार अँपिअरवर नीट भरायला आठ-दहा तास जातात. भरून आणली की तास-दोन तास तशीच राहू द्या आणि मग व्होल्ट मोजा. १२.६ च्या आसपास दिसलं म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. बॅटरी गाडीत ठेवा, पण १० नंबरच्या पान्यानं वजा टर्मिनल काढून बाजूला सरकवा आणि फडक्यात गुंडाळा, म्हणजे चुकून टेकणार नाही. काढताना नेहमी वजा आधी, लावताना वजा शेवटी. अधिक (प्लस) टर्मिनलचा नट सोडताना पाना बॉडीला लागला आणि वजा जोडलेलाच असला, तर ठिणगी उडते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. मी फुटलेली बॅटरी पाहिली आहे. तिथं विडी पेटवू नका, एवढं मनावर घ्या.

सकाळी वजा न जोडताच पुन्हा मोजा. १२.५-१२.६ असेल तर बॅटरी निर्दोष, गाडी पिते. बारा-सव्वाबारावर आली असेल तर दोष बॅटरीतच, गाडीचा काही संबंध नाही. साडेदहाच्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल गेला. प्रत्येक सेल दोन व्होल्टचा, म्हणून एक गेला की बरोबर दोन व्होल्ट कमी दिसतात.

बॅटरी आतूनच उतरत असेल तर आपल्या भागातली कारणं वेगळी सांगायला हवीत. पहिलं ऊन. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, बॉनेटच्या आत त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत पाणी उडतं, आतल्या जाळ्या गंजतात आणि बॅटरी नुसती उभ्या-उभ्याही लवकर उतरते. उन्हाळ्यात मार खाल्लेली बॅटरी डिसेंबरच्या थंडीत सेल्फला धोका देते. इंजिन गार, तेल घट्ट, बॅटरीही थंडीनं सुस्त. लोक म्हणतात थंडीनं बॅटरी गेली. ती मे महिन्यातच गेलेली असते.

दुसरं पाणी. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटांच्या वर बोटाच्या एका पेराहून थोडं कमी पाणी हवं, आणि ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणी पिकालाही चालत नाही, ते बॅटरीत कसं चालेल? त्यातले क्षार आणि लोह आत गेले की बॅटरी स्वतःच स्वतःला खाते, म्हणजे काहीही चालू नसताना रात्रीतून उतरते. यवतमाळकडचं बोअरचं पाणीही टाकू नका. आरओचंही नाही, त्यातही क्षार उरतात. आणि पाणी कमी झालं म्हणून ॲसिड तर कधीच घालू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. हायड्रोमीटर (ॲसिड किती घट्ट आहे ते दाखवणारी नळी) मिळाला तर सहाही सेलची ग्रॅव्हिटी बघा. भरलेल्या बॅटरीत १२४० ते १२८० च्या दरम्यान आकडा हवा, आणि एकाच बॅटरीतल्या दोन सेलमध्ये ५० च्या वर फरक असेल तर कमी असलेला सेल आजारी.

वरची घाणही लोक विसरतात. धूळ आणि ॲसिडची वाफ मिळून बॅटरीच्या डोक्यावर चिकट थर बसतो, त्यातून अधिक-वजामध्ये बारीक करंट वाहत राहतो. मीटरची एक पिन वजाला लावा, दुसरी नुसती झाकणाच्या प्लॅस्टिकवर फिरवा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, झाकणं घट्ट लावून, वरचा भाग धुऊन घ्या. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड त्याच पाण्यानं काढा, घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. सैल टर्मिनलमुळं सेल्फ न लागणं हेही "बॅटरी उतरली" म्हणून माझ्याकडे येतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे होते, म्हणून विचारतो. रात्री गाडीची बॅटरी काढून शेतातल्या झटका मशीनला (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या) तर कोणी लावत नाही ना? रानडुक्कर आणि रोह्यांमुळं (नीलगायींमुळं) जागलीला जावं लागतं, मशीनची बॅटरी संपली की घरातली पोरं गाडीची नेतात, हे मी तीन-चार घरांत पाहिलं. मालकाला माहीतही नसतं. मशीन कमी करंट घेतं, पण शेतात ती बॅटरी आठवडाभर चार्जिंगशिवाय राहते आणि तळाला जाते. गाडीची बॅटरी क्षणात जोर द्यायला बनवलेली असते. वारंवार तळाला गेली, त्यातही रिकामीच पडून राहिली, की प्लेटांवर सल्फेट जमतं आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. उलट जी जुनी बॅटरी सेल्फला पुरत नाही, पण १२.४-१२.५ धरून ठेवते, ती झटका मशीनला सोलर पॅनलसोबत अजून वर्षभर आरामात चालू शकते.

रात्रीच्या परीक्षेत बॅटरी पास झाली, तर पुढचं माप चार्जिंगचं. इंजिन चालू करा, जरा रेस द्या, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट बघा. १३.८ ते १४.५ हवं. मग हेडलाइट आणि पंखा चालू करून पुन्हा बघा. साडेतेराच्या खाली जात असेल तर पट्टा सैल आहे, डायनमोचे कार्बन घासलेत किंवा त्यातला रेग्युलेटर (व्होल्ट आटोक्यात ठेवणारा भाग) कमी देतोय. पंधराच्या जवळ जात असेल तर रेग्युलेटर जास्त देतोय आणि बॅटरी शिजतेय. नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम व्होल्ट कमी ठेवतो, म्हणून हेडलाइट लावूनच निकाल द्यावा. काही जुने मिस्त्री चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून "डायनमो चालतो का" बघतात. असं कोणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्ट उसळतात आणि कॉम्प्युटर जळू शकतो.

चार्जिंगही ठीक निघालं, की मग गळती शोधायची. हे काम घाईत होत नाही. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. बॉनेट उघडं ठेवा. एका दाराची काच खाली ठेवा, कारण वजा परत जोडताना काही गाड्या स्वतःच लॉक होतात. चाबी खिशात ठेवा, गाडीत नाही. दार उघडं ठेवायचं असेल तर कडीचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून बसवा, म्हणजे गाडीला दार लागलं असं वाटेल. आता वजा पोस्ट आणि काढलेली वायर, या दोघांच्या मध्ये मीटर. पण जोडताक्षणी गाडी जागी होते आणि करंट उसळतो, म्हणून मी आधी एका जाड वायरनं पोस्ट आणि टर्मिनल जोडून ठेवतो, मीटरही तिथंच लावतो, अर्धा तास जाऊ देतो आणि मगच ती वायर काढतो. गाडी झोपलेली असते, सगळा करंट मीटरमधून जातो. या अर्ध्या तासात सेल्फ मारायचा नाही, दार उघडायचं नाही. मीटर मध्ये असताना सेल्फ मारला तर मीटर गेलाच.

आकडा ०.०५ अँपिअरच्या आत असेल, म्हणजे ५० मिलिअँपिअर, तर ते घड्याळ, लॉक आणि कॉम्प्युटरचं नेहमीचं खाणं. त्यानंही दिवसाला १.२ एएच जातं. कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर अर्धी बॅटरी त्यातच संपते. ०.१ च्या वर दिसलं की शोधायचं. ०.४ असेल तर एखादा दिवा आठवा. एकच फ्यूज एका वेळी काढा, मीटरवर डोळा ठेवा, बदल नाही झाला तर तो परत घाला आणि पुढचा काढा. ज्या फ्यूजला आकडा खाली आला, त्या फ्यूजवर काय-काय चालतं ते झाकणाच्या आतल्या चित्रात असतं. मीटर नसलाच तर ५ वॅटचा बल्ब असाच मध्ये लावा. तो स्पष्ट पेटला तर गळती मोठी. पण बारीक गळती बल्ब दाखवत नाही, हे लक्षात असू द्या.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दोषी निघतं ते कंपनीनंतर बसवलेलं सामान, आणि त्यात पहिला नंबर म्युझिक सिस्टीमचा. तिला अधिकच्या (प्लसच्या) दोन वायरी असतात. पिवळी कायम बॅटरीवर, फक्त मेमरीसाठी. लाल चाबीवर. लावणाऱ्याला चाबीची वायर सापडली नाही की तो लाल-पिवळी एकत्र पिळून टेप मारतो. गाणं वाजतं, गिऱ्हाईक खूश. पण सेटचा समोरचा भाग बंद दिसला तरी आतलं जागंच असतं, ॲम्प्लिफायर असेल तर तोही. सेट बाहेर ओढा, त्या दोन वायरी बघा. एकाच जागी जोडल्या असतील तर लाल सोडवून चाबी फिरवल्यावरच १२ व्होल्ट येणाऱ्या वायरीवर घ्या, मध्ये फ्यूज टाकून. त्यानंतर बघा ट्रॅकर, कॅमेरा, एलईडी पट्ट्या, जास्तीचे हॉर्न. थेट बॅटरीवरून घेतलेली, फ्यूज नसलेली कोणतीही पातळ वायर संशयित समजा. सोयाबीन निघाल्यावर उंदरं घराकडं येतात आणि बॉनेटमध्ये राहतात. त्यांनी सोललेली वायर सकाळी दवानं ओली असताना गळते, दुपारी वाळली की ठीक दाखवते. म्हणून माप सकाळी लवकर घ्या.

सगळे फ्यूज काढून झाले आणि आकडा हललाच नाही, तर डायनमोकडं वळा. त्यातले डायोड करंट एकाच दिशेनं जाऊ देतात. एखादा खराब झाला की गाडी बंद असताना बॅटरी उलटी डायनमोत रिकामी होते. याची एक सोपी खूण आहे, हिवाळ्यात तर हमखास सापडते. पहाटे, गाडी चालू करण्याआधी, बॉनेट उघडून डायनमोच्या अंगावर हात ठेवा. इंजिन हाताला गार लागतं. डायनमो कोमट लागला, तर रात्रभर करंट त्यातून वाहिला. वजा काढा, डायनमोची मागची जाड वायर सोडून टेप करा, वजा पुन्हा मीटरमधून जोडा. आकडा खाली आला तर खात्री. आख्खा डायनमो बदलायची गरज नसते, डायोड प्लेट बदलून मिळते. रिलेंनाही (करंटनं चालणारे छोटे स्विच) असाच हात लावून बघा, चिकटलेला रिले कोमट असतो.

तोवर गाडी चालवायची आहे, तर रात्री वजा काढून ठेवा, किंवा ट्रॅक्टरला लावतात तसा कटऑफ स्विच वजावर बसवून घ्या. रोज धक्का मारू नका. दुसऱ्या बॅटरीवरून चालू करायची झाली तर ट्रॅक्टरची चालते, तो १२ व्होल्टचा. ट्रकच्या दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टला हात लावू नका. केबलचं वजाचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावा.

नव्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड जपून ठेवलं असेल तर ती दुकानात दाखवा. ते भरून, लोड लावून तपासतात, तोवर बहुतेक दुकानदार वापरायला दुसरी देतात. पण गळती बंद न करता बदलून घेतली, तर ती तिसरीही पंधरा-वीस दिवसांत बसेल.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय म्युझिक सिस्टीमवर, दुसरा डायोडवर. आकडे काढले की कागदावर लिहा: रात्री किती, सकाळी किती, चालू इंजिनात किती, बंद गाडीत किती अँपिअर. मिस्त्रीकडे गेलात की "गाडी बघा" म्हणू नका. "बंद गाडीत अर्धा अँपिअर जातोय आणि सगळे फ्यूज काढले तरी जातोय" असं सांगा. मग वायरिंग बदला असं तो म्हणणार नाही, थेट डायनमोकडं हात घालील.